गुडघ्यातलं 'पाणी' काय सांगतं?

आमच्या घरात दोन भाषा सुखाने नांदतात. माझं माहेर शहापूरचं, मराठी. सासर मूळचं बैलहोंगलकडचं, कन्नड. स्वयंपाकघरात कन्नड, मुलांच्या अभ्यासाला मराठी आणि भांडणाला दोन्ही, असा आमचा वीस वर्षांचा शिरस्ता आहे. एका भाषेत शब्द सापडला नाही तर दुसरीतून उसना घ्यायचा आणि पुढे जायचं. पण २०२२ च्या श्रावणात एक शब्द असा भेटला, की तो दोन्ही भाषांत सारखाच होता आणि दोन्ही भाषांत सारखाच फसवा होता. 'गुडघ्यात पाणी झालंय' असं आपण म्हणतो. कन्नडमध्ये 'मोणकालाग नीर तुंब्याव'. पाणीच ते! पाण्याचं काय एवढं मनावर घ्यायचं?

तेव्हा आम्ही ते मनावर घेतलं नाही. त्याची किंमत घरातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या माणसाला मोजावी लागली. म्हणून हा लेख.

माझ्या सासूबाईंना आम्ही सगळे 'अत्ती' म्हणतो. त्या वेळी त्यांचं वय ७१. मधुमेह बारा वर्षांचा, पण जोंधळ्याची भाकरी आणि पहाटेचं फिरणं यांच्या जोरावर आटोक्यात ठेवलेला. एका शनिवारी दुपारी त्यांचा उजवा गुडघा दुखू लागला आणि रात्रीपर्यंत नारळाएवढा फुगला. हात लावला तर गरम लागत होता. पाय सरळही करवेना आणि वाकवताही येईना. ताप मात्र नव्हता.

रविवारी सकाळी नेहमीच्या डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी दुखणं कमी होण्याच्या गोळ्या दिल्या आणि रक्त तपासायला सांगितलं. संध्याकाळी रिपोर्ट आला. युरिक अ‍ॅसिड ६.९, म्हणजे नेहमीच्या मर्यादेपेक्षा थोडं जास्त. झालं! घरादाराने निदान करून टाकलं. शेजारच्या काकूंनी डाळी बंद करायला सांगितल्या. बैलहोंगलहून नणंदेचा फोन आला, तिने लेपाचं नाव सांगितलं. माझ्या माहेरून 'वात आहे, शेक द्या' असा निरोप आला. सगळ्यांची खात्री पटली होती की हे युरिक अ‍ॅसिडचंच दुखणं.

सोमवारी हाडांच्या डॉक्टरांकडे नेलं. तरुण डॉक्टर. त्यांनी गुडघा दाबून पाहिला, मधुमेहाचं विचारलं, पायाचे तळवेही पाहिले. अत्तींच्या टाचेला भेगा होत्या आणि एका भेगेत लहानशी जखम होती. ती आमच्यापैकी कुणालाच माहीत नव्हती. मग ते म्हणाले, "आधी गुडघ्यातलं पाणी काढून तपासायला पाठवू. त्याशिवाय मी कुठलंही औषध सांगणार नाही."

अत्तींनी माझा हात घट्ट धरला. "नीर तगसब्याडवा," त्या म्हणाल्या. पाणी काढू देऊ नकोस गं. पाणी काढलं की पायातली शक्ती जाते, एकदा काढलं की सारखं काढावं लागतं, हे त्यांनी आयुष्यभर ऐकलेलं. खरं सांगायचं तर मीही तेच ऐकत आले होते. आमच्या गल्लीतल्या एका बाईंचं पाणी काढलं होतं आणि पंधरा दिवसांत गुडघा पुन्हा भरला होता. यजमान कामासाठी बेंगळुरूला. संमतीपत्र माझ्यासमोर होतं. मी डॉक्टरांना म्हटलं, "उद्या हे येतील, मग बघू."

डॉक्टरांनी समजावून सांगितलं, पण मी ऐकलं नाही. एम.ए. झालेली, मुलांना शिकवणारी मी बाई, पेन खाली ठेवून अत्तींना घरी घेऊन आले.

मंगळवारी दुपारी अत्तींना हुडहुडी भरली आणि १०२ ताप चढला.

सुईतून आलेलं ते काय होतं?

मंगळवारी संध्याकाळी गुडघ्यातून सुमारे ४० मिलिलिटर पाणी निघालं. या सगळ्याला दहा मिनिटंही लागली नसतील. कातडी निर्जंतुक केली, बधिर करायचं औषध दिलं, सुई घातली. पाणी निघाल्याबरोबर ताण कमी झाला आणि अत्तींनी तीन दिवसांत पहिल्यांदा सुस्कारा सोडला. ज्याला आम्ही एवढं घाबरलो होतो, त्यानेच आधी आराम पडला.

पण ते पाणी पाण्यासारखं नव्हतं. पिवळट, गढूळ, पातळ ताकासारखं. डॉक्टरांनी ते वेगवेगळ्या नळ्यांत भरलं आणि "लगेच खाली लॅबमध्ये पोचलं पाहिजे" असं म्हणाले. शिपाई जागेवर नव्हता, म्हणून मीच त्या नळ्या घेऊन खाली गेले.

खिडकीत होता माझाच एक जुना विद्यार्थी. बी.एस्सी.ला द्वितीय भाषा म्हणून मराठी घेतलेला, निबंधात नेहमी विषय सोडून भलतीकडे जाणारा. त्या संध्याकाळी मात्र तो एका शब्दानेही विषय सोडत नव्हता. मी फार घाबरलेली दिसत असेन, म्हणून त्याने मला बाजूच्या बाकावर बसवलं आणि काम करता करता सांगत गेला. पुढच्या काही दिवसांत त्याच्याकडून, डॉक्टरांकडून आणि मग पुस्तकांतून जे कळलं, ते इथे माझ्या शब्दांत मांडते.

आपल्या गुडघ्यात पाणी असतंच. निरोगी गुडघ्यात ते जेमतेम तीन-चार मिलिलिटर असतं, चमचाभरही नाही. ते पाणी म्हणजे सांध्याचं वंगण. फिकट पिवळं, पारदर्शक आणि अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखं चिकट. १६ व्या शतकात पॅरासेल्सस नावाच्या वैद्याने त्याला 'सायनोव्हिया' असं नाव दिलं, त्यात अंड्यासाठीचा लॅटिन शब्द आहे असं मानतात. हा चिकटपणा हायल्युरॉनिक आम्लामुळे येतो. हाडांच्या टोकांवर जी गुळगुळीत कूर्चा असते, तिच्यात रक्तवाहिन्या नसतात. तिचं पोषण मुख्यतः या वंगणातूनच होतं.

हे वंगण सांध्याच्या आतलं अस्तर सतत तयार करत असतं. म्हणजे सुईने काढल्यामुळे गुडघा 'कोरडा पडतो' ही आपली समजूत चुकीची आहे. आणि काढल्यावर पुन्हा भरतं, ते सुईमुळे नव्हे. ज्या कारणाने भरलं ते कारण आत तसंच राहिलं म्हणून भरतं. आमच्या गल्लीतल्या बाईंचं पाणी काढलं होतं खरं, पण ते तपासलंच नव्हतं. ते मोरीत ओतलं गेलं होतं.

आधी डोळ्यांनी, मग यंत्राने

माझ्या विद्यार्थ्याने नळी उजेडात धरली आणि विचारलं, "मॅडम, पर्समध्ये पेपर आहे का?" मला वाटलं नळी पुसायला हवा असेल. त्याने पेपर नळीमागे धरला आणि म्हणाला, "वाचून दाखवा." एक अक्षर दिसेना. निरोगी सांध्याच्या पाण्यातून छापील अक्षरं स्वच्छ वाचता येतात. गुडघ्यांच्या नेहमीच्या झिजेतही बहुधा वाचता येतात. आत सूज असेल तर ती धूसर होतात आणि पू असेल तर दिसतच नाहीत. शंभर रुपयांचंही यंत्र न लागणारी ही परीक्षा.

दुसरी परीक्षा थेंबाची. निरोगी वंगण सुईच्या टोकावरून सोडलं तर पाकाच्या तारेसारखी काही सेंटिमीटर लांब तार धरतं. सूज आली की त्यातलं हायल्युरॉनिक आम्ल मोडतं, पातळ होतं, मग तार येत नाही. पाण्यासारखे टपटप थेंब पडतात. लाडवाचा पाक करणाऱ्या बायकांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

मग रंग. सगळं पाणी सारखं लाल असेल तर सांध्यात रक्तस्राव झाला आहे, मार लागल्याने किंवा रक्त न गोठण्याच्या आजाराने. त्यावर चरबीचे थेंब तरंगत असतील तर आत हाड मोडलं असण्याची शंका येते, कारण ती चरबी हाडाच्या मगजातून येते. नुसती एखादी लाल रेघ असेल तर ती बहुधा सुई लागल्याची.

त्यानंतर पेशी मोजतात. निरोगी सांध्याच्या पाण्यात एका घन मिलिमीटरमध्ये २०० पेक्षा कमी पांढऱ्या पेशी असतात. झिजेच्या दुखण्यात त्या साधारण २,००० च्या आत राहतात. संधिवात, गाऊट अशा सुजेच्या आजारांत २,००० पासून ५०,००० पर्यंत आणि कधी त्याहून वर जातात. ५०,००० च्या पुढे गेल्या आणि त्यांत न्यूट्रोफिल जातीच्या पेशींचा भरणा असला, तर जंतुसंसर्ग आहे असंच धरून चालावं लागतं. या सीमारेषा काही शेताच्या बांधासारख्या पक्क्या नसतात. कमी आकड्यातही संसर्ग असू शकतो. म्हणून डॉक्टर आकडा एकटा पाहत नाहीत, पेशंटसकट पाहतात.

अत्तींचा आकडा आला ६८,०००. त्यांत ९२ टक्के न्यूट्रोफिल.

स्फटिकांची साक्ष

मग विद्यार्थ्याने एक थेंब काचेवर ठेवला आणि एका वेगळ्या सूक्ष्मदर्शकाखाली सरकवला. "हा ध्रुवीकृत प्रकाशाचा. सगळीकडे नसतो," तो म्हणाला. प्रकाशाच्या लहरी एकाच प्रतलात कंप पावतील अशी त्यात योजना असते. अशा प्रकाशात स्फटिक चमकतात.

स्फटिकांचा हा इतिहास मोठा रंजक आहे. सूक्ष्मदर्शकाचा जनक म्हणून ज्याचं नाव घेतात त्या लेव्हेनहुकने १६७९ साली गाऊटच्या गाठीतला पांढरा खडूसारखा पदार्थ भिंगाखाली पाहून त्यातल्या टोकदार सुयांचं वर्णन केलं होतं. ते स्फटिक कशाचे, हे मात्र त्याला कळण्याचा मार्ग नव्हता. त्यानंतर पावणेतीनशेहून अधिक वर्षांनी, १९६१ साली, अमेरिकेतल्या मॅकार्टी आणि हॉलंडर या डॉक्टरांनी गाऊटच्या रोग्यांच्या सांध्यातल्या पाण्यात युरेटचे स्फटिक ध्रुवीकृत प्रकाशात ओळखून दाखवले. पुढच्याच वर्षी मॅकार्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवलं, की हुबेहूब गाऊटसारखं दुखणाऱ्या काही सांध्यांत युरेट नसतंच. तिथे कॅल्शियम पायरोफॉस्फेटचे स्फटिक असतात. या दुखण्याला नाव पडलं 'स्यूडोगाऊट', म्हणजे गाऊटचं सोंग घेतलेलं दुखणं. उतारवयात ते बरंच आढळतं.

दोन्ही स्फटिक ओळखायच्या खुणा वेगळ्या. युरेटचे सुईसारखे लांब आणि झगझगीत. यंत्रातल्या खास काचेच्या अक्षाला समांतर असले तर पिवळे दिसतात आणि आडवे असले तर निळे. पायरोफॉस्फेटचे आखूड, चौकटच्या पत्त्यासारखे तिरपे, अंधूक. त्यांचे रंग नेमके उलटे, समांतर असताना निळे.

मी डोळा लावला. मला आधी काहीच दिसलं नाही, मग एका पेशीच्या पोटात अडकलेला एक अंधूक निळा चौकट दिसला. सुया कुठेच नव्हत्या.

म्हणजे ज्या युरिक अ‍ॅसिडच्या नावाने आम्ही दोन दिवस डाळी बंद केल्या, त्याचा या गुडघ्याशी संबंधच नव्हता. रक्तातलं युरिक अ‍ॅसिड जास्त असणाऱ्या कितीतरी लोकांना जन्मात गाऊट होत नाही. उलट गाऊटचा झटका ऐन जोरात असताना रक्तातलं प्रमाण नॉर्मलही येऊ शकतं. रक्ताचा रिपोर्ट शंका घेऊ शकतो, खात्री देतो ती सांध्यातल्या पाण्यातली सुई.

'जंतू दिसले नाहीत' म्हणजे काय?

त्याच रात्री दुसरा रिपोर्ट आला. ग्राम रंगाईत जंतू दिसले नाहीत. डेन्मार्कच्या हान्स ख्रिस्तियान ग्राम या डॉक्टरने १८८४ साली जंतूंना रंग देऊन ओळखण्याची ही पद्धत प्रसिद्ध केली आणि आजही जगभर तीच पहिली तपासणी असते. रिपोर्ट वाचून मला हायसं वाटलं. यजमान बेंगळुरूहून येऊन पोचले होते, त्यांना मी म्हटलं, "स्फटिक आहेत, जंतू नाहीत. सुटलो."

डॉक्टर मात्र सुटल्यासारखे दिसेनात. ते म्हणाले, "जंतू दिसले नाहीत याचा अर्थ जंतू नाहीत असा होत नाही. सांध्याच्या संसर्गात ग्राम रंगाई कितीदा तरी चुकते. आणि स्फटिक सापडले म्हणून संसर्ग नाही असंही नाही. दोन्ही एकाच गुडघ्यात असू शकतात. आकडा ६८,००० आहे, मधुमेह आहे, ताप आहे, टाचेला जखम आहे. कल्चर येईपर्यंत मी हा संसर्गच धरणार."

त्या रात्रीच शिरेतून अँटिबायोटिक सुरू झालं आणि बुधवारी सकाळी दुर्बिणीने सांधा धुतला.

कल्चर म्हणजे त्या पाण्यातल्या जंतूंना खायला देऊन वाढवायचं, मग कोणता जंतू आहे आणि तो कोणत्या औषधाने मरतो ते पाहायचं. याला एक-दोन दिवस लागतात, कधी जास्त. क्षयाचे जंतू तर फार सावकाश वाढतात, त्यांच्या कल्चरला सहा-आठ आठवडे थांबावं लागतं. आपल्याकडे गुडघ्याचा, कमरेच्या सांध्याचा क्षय असतो, त्यामुळे एकच सांधा महिनोन्महिने सुजून राहिला तर ती शंका घेऊन पाण्याची तपासणी करतात. आता सीबीनॅट ही चाचणी काही तासांत उत्तर देते, पण सांध्याच्या बाबतीत कधी कधी आतल्या अस्तराचा तुकडाही तपासावा लागतो.

इथे एक गोष्ट फार महत्त्वाची. अँटिबायोटिक आधी दिलं आणि पाणी नंतर काढलं, तर कल्चरमध्ये जंतू वाढण्याची शक्यता कमी होते. साक्षीदाराला आधी गप्प करायचं आणि मग साक्ष विचारायची, असा तो प्रकार होतो. म्हणून माणूस अगदी अत्यवस्थ नसेल तर आधी पाणी, मग औषध.

गुरुवारी संध्याकाळी कल्चर आलं. स्टॅफिलोकॉकस ऑरियस. कातडीवर राहणारा, जखमेतून आत शिरणारा जंतू. टाचेच्या त्या भेगेतूनच तो रक्तात आणि रक्तातून गुडघ्यात गेला असावा, असं डॉक्टरांचं मत पडलं.

मला त्या रात्री एकच विचार छळत होता. सोमवारी मी घरी आल्यावर आमच्या ओळखीतल्या एकाने सांगितलं होतं, की गुडघ्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन घ्या, दोन दिवसांत चालायला लागतील. आम्ही मंगळवारी त्याचीच चौकशी करणार होतो. जंतू असलेल्या सांध्यात स्टेरॉइड म्हणजे पेटत्या घरातल्या लोकांचे हात बांधण्यासारखं. ताप चढला म्हणून ते टळलं.

बाकीची 'पाणी'

लॅबच्या त्या खिडकीत आणखी नळ्या रांगेत उभ्या होत्या. कुणाच्या छातीतलं पाणी, कुणाच्या पोटातलं, कुणाच्या पाठीतलं. आपल्या बोलण्यात सगळंच पाणी. प्रत्येकाचा जबाब मात्र वेगळा असतो.

छातीत, म्हणजे फुप्फुसाभोवती झालेलं पाणी हृदय किंवा मूत्रपिंड थकल्यामुळे झिरपलेलं आहे, की संसर्ग वा गाठीमुळे पाझरलेलं, हे ठरवण्यासाठी पाण्यातली प्रथिनं रक्तातल्या प्रथिनांशी ताडून पाहतात. ती निम्म्याहून जास्त असली तर दुसरा प्रकार. एलडीएच नावाच्या घटकाचीही अशीच तुलना करतात. रिचर्ड लाइट या डॉक्टरने १९७२ साली हे निकष मांडले. आपल्या देशात अशा पाण्यात एडीए ही तपासणीही करतात. ती ४० च्या वर आली आणि पेशींत लिम्फोसाइट जास्त असले, तर क्षयाची शंका बळावते.

पोटातल्या पाण्यात अल्ब्युमिन मोजतात. रक्तातलं आणि पाण्यातलं अल्ब्युमिन यांत डेसिलिटरला १.१ ग्रॅम किंवा जास्त फरक असेल तर यकृताच्या शिरांतला दाब वाढलेला असतो, बहुतेक वेळा लिव्हर सिरोसिसमुळे. त्याच पाण्यात न्यूट्रोफिल २५० च्या वर गेले तर संसर्ग समजून कल्चरची वाट न पाहता औषध सुरू करतात.

आणि पाठीतलं पाणी. याची भीती तर गुडघ्याहून मोठी. 'पाठीतलं पाणी काढलं की माणूस अधू होतो' हे वाक्य मी दोन्ही भाषांत ऐकलं आहे. जर्मनीच्या क्विंके या डॉक्टरने १८९१ साली ही पद्धत रूढ केली. सुई कमरेच्या खालच्या भागात घालतात आणि मोठ्या माणसाचा मज्जारज्जू त्याच्या वरच संपलेला असतो. निरोगी माणसाचं हे पाणी खरोखर पाण्यासारखं नितळ असतं. पेशी पाचपर्यंत, साखर रक्तातल्या साखरेच्या सुमारे दोन तृतीयांश. मेंदूच्या आवरणाला जंतूंची बाधा झाली तर ते गढूळ होतं आणि साखर उतरते. क्षयाची बाधा असेल तर नळी तशीच ठेवल्यावर कधी कधी आत कोळिष्टकासारखी जाळी धरते. तापात बरळणाऱ्या पोराच्या आईबापांनी या तपासणीला नकार दिला, तर माणूस अधू होण्याची भीती असते ती नकारामुळे. अर्थात मेंदूत दाब वाढल्याची शंका असेल तर डॉक्टर आधी स्कॅन करून घेतात.

घरात सूज आलेला सांधा असेल तर

अत्तींच्या दुखण्यातून आम्ही जे शिकलो ते थोडक्यात देते.

एकच सांधा अचानक सुजला, गरम झाला, हलवता येईना, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा. ताप नाही म्हणून थांबू नका. सांध्यातला संसर्ग काही दिवसांत कूर्चा कायमची खाऊ शकतो. मधुमेह, उतारवय, संधिवात, आधी बसवलेला कृत्रिम सांधा यांपैकी काही असेल तर जास्तच घाई करा.

पाणी काढणार असतील तर विचारा, "हे तपासायला पाठवणार ना?" पेशी, स्फटिक, ग्राम रंगाई आणि कल्चर या चार गोष्टींची नावं कागदावर लिहून न्या.

घरी पडलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या आधी देऊ नका. दिल्या असतील तर डॉक्टरांना लपवू नका.

नळ्या लॅबमध्ये लगेच पोचू द्या. कल्चरची निर्जंतुक, पेशींची जांभळ्या झाकणाची, अशा त्या वेगळ्या असतात. तास-दोन तास पडून राहिल्या तर पेशी फुटतात आणि आकडा खोटा कमी येतो.

रक्त पातळ होण्याची गोळी चालू असेल तर आधी सांगा. सुईमुळे संसर्ग होणं फार विरळा आहे, पण कातडीवर तिथेच जखम किंवा पुरळ असेल तर तेही दाखवा.

आणि मधुमेही माणसाचे तळवे रोज पाहा. हे काम घरातल्या नातवंडांना द्या, ती मन लावून करतात.

घरातल्या आजीला कन्नडमध्ये सांगायचं तर एवढंच पुरे: "नीर तगदु नोडोणु, याव रोग अंत गोत्तागतैति." पाणी काढून पाहू, कोणता आजार ते कळेल.

अत्तींना दोन आठवडे शिरेतून आणि पुढे चार आठवडे गोळ्यांनी अँटिबायोटिक घ्यावं लागलं. मग व्यायाम. त्या आता चालतात, देवळात जातात, भाजीवाल्याशी घासाघीस करतात. पण उजवा गुडघा पूर्ण वाकत नाही. त्यांना जमिनीवर बसता येत नाही. त्या वर्षी गौरी बसल्या तेव्हा पहिल्यांदाच आम्ही अत्तींसाठी खुर्ची मांडली. पन्नास वर्षं पाटावर बसून गौरी सजवणारी बाई खुर्चीत बसून मला 'हे फूल इकडे, ते तिकडे' सांगत होती.

मी एकदा डॉक्टरांना विचारलंच, सोमवारी सही केली असती तर? ते थोडा वेळ गप्प राहिले. म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही. पण एक दिवस मिळाला असता." त्या उत्तराने माझं समाधान झालं नाही, आणि ते व्हावं असं मला वाटतही नाही.

अत्तींनी मला कधी बोल लावला नाही. उलट आता गल्लीत कुणाचा गुडघा सुजला की त्या खुर्चीतूनच हाक मारून विचारतात, पाणी तपासलं का? परवा शेजारच्या काकू म्हणाल्या, "नको गं बाई, सुईची भीती वाटते." अत्तींनी आपल्या तोडक्यामोडक्या मराठीत त्यांना सांगितलं, "मला पण भीती वाटली होती. बघा, आता खुर्ची लागते."

काकू दुसऱ्या दिवशी जाऊन आल्या. त्यांच्या पाण्यातून पेपर स्वच्छ वाचता आला. निव्वळ झीज निघाली.